रंगवलेल्या दाराचा महाल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा राजाला राहू दे बाजूला. त्याच्या राज्यात नदीकाठी एक गाव होते, आणि त्या गावातल्या एका घरी एके दिवशी एक निरोप आला.

दिवस अगदी साधा होता. पौषातले कोवळे ऊन ओसरीवर आले होते. अंगणात वाल वाळत पडले होते. एक बाई भिंतीला पाठ लावून भेंड तासत बसली होती. भेंड म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा, हलका गाभा. लग्नातली बाशिंगे त्याचीच करतात. ही बाई बाशिंगे करीच, पण गावोगावी तिचे नाव झाले होते ते रुखवतामुळे.

रुखवत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात मुलीच्या माहेरची माणसे शोभेच्या वस्तू मांडतात आणि सगळे वऱ्हाड त्या पाहून वाहवा करते. त्या राज्यात रुखवताचे दोन कडक रिवाज होते. रुखवतातली वस्तू नुसती पाहायची, वापरायची नाही. आणि ज्या हाताने ती बांधली, त्याच हाताने ती सोडायची. सासरच्या कोणी तिची एक दोरी जरी सोडली, तरी तो माहेरचा अपमान समजत.

बाई त्या दिवशी एक पालखी करत होती. ओंजळीत मावेल एवढी. तिला अभ्रकाचे पडदे होते, मोत्यांची झालर होती, आणि आत एक जिवंत मुनिया बसायची होती. पलीकडच्या पेठेतल्या एका नवरीच्या रुखवतासाठी ही पालखी हवी होती. मुनियेला पंख पसरायला त्यात जागा नव्हती, पण तसे कोणी विचारले नव्हते, आणि बाईच्याही मनात आले नव्हते.

एवढ्यात कासारीण आली. बाईचा नवरा गेल्यापासून या घरी बांगड्या भरण्याचे काम उरले नव्हते. तरी कासारीण या वाटेने जाताना पाणी प्यायला टेकायचीच.

"वहिनी, पाणी द्या हो. घसा कोरडा पडला." तिने बांगड्यांचे ओझे खाली ठेवले. "लेकीला चुडा भरून आले तुमच्या. हिरवागार. पहिली संक्रांत ना तिची!"

"बरी आहे?"

"बरी म्हणजे काय! अंगानं भरलीय. विहीणबाई हलव्याचे दागिने करतायत तिच्यासाठी. मुकुटसुद्धा! परवा हळदीकुंकू आहे. पण बायका येणार त्या दागिने बघायला नाही, सांगून ठेवते. तुमचा महाल बघायला येणार."

बाई हसली. "आणि कोतवाल?"

"अगं हो, निरोप तोच आहे. लेक म्हणाली, आईला सांगा, कोतवाल आता अगदी शहाणा झाला. आधी खुडखुड करायचा, भिंती ओरबाडायचा. आता काही म्हणजे काही नाही. जागचा हलत नाही. पान ठेवावं तर पान तसंच. एवढं शांत जनावर आम्ही बघितलं नाही, असं विहीणबाई सगळ्यांना सांगतात."

कासारीण पाणी पिऊन, ओझे उचलून निघून गेली. बाईला बरे वाटले. शांत आहे, म्हणजे रुळला. तिने पुन्हा भेंड हातात घेतले.

आता हा कोतवाल कोण, ते सांगायला हवे.

बाईचा नवरा कातारी होता. लाकूड कातून, त्यावर लाखेचे रंग चढवून तो पाळण्यावरचे राघू, पोळपाट-लाटणी, सोंगट्या असे काहीबाही करायचा. एकदा जंगलातून आलेल्या लाकडांच्या मोळीत त्याला एक कासव सापडले. जमिनीवर राहणारे, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले, तळहाताएवढे. त्याने ते अंगणात सोडले. ते गेले नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून त्याने अंगणाचा ताबाच घेतला. ऊन आले की निघायचे, विहिरीच्या पन्हळीपाशी जायचे, तिथून वालाच्या वेलाखाली, तिथून कुंपणाच्या कडेकडेने, आणि शेवटी कातारी कातायला बसे तिथे येऊन त्याच्या पायाच्या अंगठ्याला डोके टेकवून थांबायचे.

"आले बघ कोतवालसाहेब गस्त घालून," कातारी म्हणायचा. "काय साहेब, चोर-बीर सापडले का?"

त्याची मुलगी हसायची. बाई हसायची. कोतवाल मान आत घ्यायचा.

मुलीचे लग्न ठरायच्या आधीच कातारीने तिच्या रुखवतासाठी एक महाल करायला घेतला. हातभर लांब, सागवानी. बाजूला नाजूक खिडक्या, वर छत आणि कळस, आणि समोर दोन खांब. खांबांवर त्याने लाखेच्या तांबड्या-पिवळ्या रेघा घेतल्या. डाव्या खांबावरची शेवटची रेघ किंचित तिरकी गेली, कारण त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. तो ताप उतरला नाही.

पुढे लग्न ठरले, तेव्हा बाईने तो महाल पुरा केला. सवाष्ण नसलेल्या बाईने रुखवताला हात लावावा का, असे काही जणी कुजबुजल्या, पण तिच्या हाताची सफाई पाहून गप्प बसल्या. तिने आत मखमल अंथरली, छताला अभ्रक लावला, भेंडाचे मोर बसवले. तरी तिला काहीतरी कमी वाटत होते. लेक इतक्या लांब जाणार, तिच्याबरोबर बापाचे काय जाणार? नुसते लाकूड?

म्हणून तिने कोतवालाला उचलले आणि समोरच्या दोन खांबांमधून महालात ठेवले. वरातीत तो बाहेर पडू नये म्हणून खांबांच्या खोबणीत एक फळी सरकवली आणि सरस लावून ती कायमची पक्की केली. फळी उघडी दिसू नये म्हणून तिच्यावर दार रंगवले. कडी, कोयंडा, पितळी फुल्या, सगळे रंगाचे. इतके हुबेहूब, की लग्नात एक म्हातारा ते दार ठोठावून गेला आणि मांडव हसून लोळला.

त्या लग्नानंतर सगळीकडे तशीच टूम निघाली. कोणी खारीला रथात बसवले. कोणी अत्तराच्या कुपीत मासा सोडला. आणि आता ही मुनियेची पालखी.

बाई भेंड तासत होती. वर आढ्याला पाल चुकचुकली.

तिचा हात थांबला.

जागचा हलत नाही. पान तसंच. शांत.

हे शब्द तिने आधी ऐकले होते. नवरा गेल्यावर ती कित्येक दिवस या भिंतीशी अशीच बसून होती. समोर ठेवलेले ताट तसेच निवून जायचे. तेव्हा शेजारणी एकमेकींना म्हणायच्या, "शांत झाली हो बाई. सावरली." ती सावरली नव्हती. उठून जावे असे कुठलेच ठिकाण तिला दिसत नव्हते, एवढेच. आणि त्या दिवसांत रोज एक जण ऊन आल्यावर अंगणाची गस्त घालून येई, कातारी कातायला बसे त्या रिकाम्या जागेपाशी थोडे थांबे, आणि मग वळून तिच्या पायाच्या अंगठ्याला डोके टेकवी. त्याला पान तोडून द्यायचे म्हणून ती पहिल्यांदा उठली होती.

तिने पालखी बाजूला सारली. कोनाड्यातली नवऱ्याची लाकूड कोरायची पटाशी घेऊन पदरात गुंडाळली आणि ती निघाली.

मुलीच्या घरून बोलावणे आल्याशिवाय आईने तिच्या सासरी पाऊल टाकायचे नाही, आणि नातवंड होईपर्यंत तिथले पाणीही प्यायचे नाही, असाही त्या राज्यात रिवाज होता. वेशीपाशी आल्यावर तिला तो आठवला. ती क्षणभर थांबली आणि मग चालू लागली.

वाट लांबची होती. ती चालते आहे तोवर आपण तिच्या आधी त्या घरी जाऊन येऊ.

महाल माजघरात चौरंगावर मांडलेला होता. घरात त्याच्यापेक्षा मानाची वस्तू नव्हती. त्या घराच्या आढ्यावर एक पाल राहत असे. तिने वरून हाक मारली, "काय रे कोतवाल, झोपलास?"

"नाही."

"मग हलत का नाहीस?"

"हलून जाऊ कुठं?"

पाल भिंतीवरून थोडी खाली उतरली. "काय तुझा थाट! खाली मखमल, डोक्यावर कळस. येईल तो तुला बघून तोंडात बोट घालतो. आणि आमच्याकडे बघून केरसुणी शोधतो."

"काल तू कुठं होतीस?" कासवाने विचारले.

"काल? गोठ्यात. परवा न्हाणीत होते. का?"

"आणि उद्या?"

"उद्याचं आज कसं सांगू? जिकडे किडा दिसेल तिकडे."

कासव म्हणाले, "माझं काल, आज आणि उद्या या मखमलीवरच आहे. एक पाऊल टाकलं की भिंत. वळलं की दुसरी. इथं ऊन येत नाही. माती नाही. आधी मी पुष्कळ ओरबाडलं. मग वाटलं, मी समोरून आत आलो, तर बाहेरही समोरूनच जाईन. म्हणून इथं टेकून बसलोय."

पाल महालासमोर आली आणि तिने दाराकडे निरखून पाहिले. "कडी तर आहे. कोयंडाही आहे." तिने जीभ लावून पाहिली. "अरे, हा तर रंग!"

"आतून तर रंगही नाही," कासव म्हणाले, आणि त्याने डोळे मिटले.

पाल आढ्यावर परत चढली. माणसांना तिची भाषा येत नव्हती, नाहीतर तिने त्यांना सांगितले असते.

दिवस कलायच्या आत बाई लेकीच्या दारात पोचली. विहीणबाई ओसरीवर हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अगं बाई! या, विहीणबाई. बोलावणं कधी गेलं हो आमच्याकडून? मलाच कसं कळलं नाही?"

"बोलावणं नाही आलं. मीच आले."

"अस्सं."

झोपाळ्यावर व्याही सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "आल्यात चालून, तर बसू दे की. पाणी तरी विचार."

"त्या पिणार आहेत का आपल्या घरचं पाणी? उगीच मला रिवाज शिकवू नका. तुम्ही आपली सुपारी कातरा."

आतून लेक धावत आली. "आई!" म्हणून ती पुढे झाली आणि सासूकडे पाहून जागीच थांबली.

"कोतवाल कुठं आहे?" आईने विचारले.

लेकीने माजघरात नेले. अंधारात महाल समईच्या उजेडात चमकत होता. आईने खिडकीतून पाहिले. कोतवाल समोरच्या फळीला आतून टेकून पडला होता. त्याची नखे वाकडी होऊन वाढली होती, कारण झिजायला त्यांना माती मिळाली नव्हती. त्याच्यापुढे गुलाबाच्या पाकळ्या सुकल्या होत्या. आईने खिडकीतून बोट आत घालून त्याच्या पाठीला लावले. पाठ दबली. जन्मभर भेंड हाताळलेल्या तिच्या बोटाला ते लगेच समजले. कासवाची पाठ भेंडासारखी झाली होती.

मग तिने त्याच्या पायाला स्पर्श केला. पाय अगदी हळू आत ओढला गेला.

"आहे," ती म्हणाली. एवढा एकच शब्द म्हणायला तिला फार वेळ लागला. मग ती म्हणाली, "हा महाल मोडावा लागेल."

"मोडायचा?" मागून विहीणबाईंचा आवाज आला. हातातला हलवा तसाच घेऊन त्या आल्या होत्या. "परवा गावच्या बायका येणार. मी कोतवालासाठीसुद्धा हलव्याचा हार ओवलाय! आणि नवीन सुनेचं रुखवत पहिल्याच संक्रांतीला मोडायचं? लोक काय म्हणतील? तुमच्याच लेकीच्या संसाराला नावं ठेवतील."

"ठेवतील," आई म्हणाली.

"आणि झालंय काय त्याला? थंडीत सगळीच जनावरं गप्प असतात. एवढं शांत, गुणी..."

"विहीणबाई," आई म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मीही अशीच शांत होते."

ओसरीवरचा अडकित्ता थांबला.

विहीणबाईंनी हातातला हलव्याचा हार चौरंगावर ठेवला. "इथं अंधारात कशाला?" त्या म्हणाल्या. "परसात घ्या. अजून ऊन आहे. सूनबाई, तो कोपरा धर. नीट, हिसका देऊ नकोस त्याला."

परसात महाल उतरवला. आईने पदरातून पटाशी काढली. फळीवर घाव घालता येत नव्हता, कारण फळीला टेकूनच कोतवाल होता. छत सोडवायला गेले असते तर छताला धरून ठेवणारी खुंटी त्याच्या अंगावर पडली असती. फळी खांबांच्या खोबणीत होती. खांब निघाले तरच फळी निघणार होती.

लेक कुजबुजली, "आई, खांब बाबांचे आहेत."

"हो."

"दुसरं काही नाही का गं करता येणार?"

आईने आधी खांब बुडातून उकलायचा प्रयत्न केला. पटाशीचे टोक सांध्यात घातले, अलगद दाबले, फिरवले. सांधा हलला नाही. कातारीचे काम असे सुटणारे नव्हते. इतक्या घाईतही तिला त्याचे बरे वाटले. मग तिचा अंगठा डाव्या खांबावरच्या तिरक्या रेघेवर गेला आणि तिथे थोडा थांबला. या घरात आणि तिच्या घरात त्याच्या हातचे पुष्कळ काही होते, पण या रेघेनंतरचे काहीच नव्हते.

फळीच्या आतून एक बारीक आवाज आला. नख लाकडावर घासल्याचा.

तिने पटाशी तिरक्या रेघेवर टेकवली आणि वरून दगड मारला. खांब कडकन मोडला. मग दुसरा. रंगवलेले दार तिच्या मांडीत पडले.

कोतवाल जिथे होता तिथेच होता. आईने त्याला दोन्ही हातांनी उचलून उन्हात मातीवर ठेवले.

तो हलला नाही. मान आत, पाय आत. लेक तोंडावर पदर घेऊन उभी होती. व्याही झोपाळा सोडून आले. ते उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "कोतवालसाहेब, चोरी झालीय हो गावात. बाहेर या."

"तुम्ही गप्प बसा," विहीणबाई म्हणाल्या, पण नेहमीसारख्या जोरात नाही. त्या न्हाणीच्या मागे गेल्या आणि तिथे पाण्याकाठी आपोआप उगवलेली घोळीची भाजी मूठभर उपटून घेऊन आल्या. मातीसकट. त्यांनी ती कासवापुढे ठेवली. थोडी लांब, जिथे जायला दोन पावले चालावे लागेल अशी.

ऊन भिंतीवर चढत गेले. सगळे बसून होते.

आधी नाक दिसले. मग मान. कोतवालाने डोळे उघडले आणि खूप वेळ तो नुसता समोर बघत राहिला, जणू पुढे भिंत नाही यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग एक पाय पुढे आला. वाकड्या नखांमुळे तो घसरला. पुन्हा टेकला. मागचे अंग ओढत, थांबत, त्याने एक पाऊल टाकले आणि मग दुसरे.

"अगो, चालतोय की!" विहीणबाई ओरडल्या. "सूनबाई, बघ! चालतोय मेला!" आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मघापासून कोणी रडले असेल तर त्या पहिल्याच.

कोतवालाने घोळीचे एक पान तोंडात धरले आणि सावकाश चावले. ते चावणे पाहायला घरातली सगळी माणसे खाली वाकली होती. एवढ्या कौतुकाने त्यांनी महालही कधी पाहिला नव्हता.

विहीणबाईंनी आईपुढे पाण्याचा गडू ठेवला आणि काही न विचारता त्या निघून गेल्या. आईने गडू उचलला आणि ती पाणी प्यायली. तिला संकोच वाटू नये म्हणून व्याह्यांनी मान दुसरीकडे वळवली.

कोतवालाला परत न्यावे असे तिच्या मनात होते. पण लेकीने विचारले, "आई, राहू दे ना इथं. परसात. मोकळा." विहीणबाईंनी तोवर कुंपणातली भगदाडे मोजायला सुरुवातही केली होती आणि व्याह्यांना ती बुजवायच्या कामाला लावले होते. परस मोठे होते. ऊन होते, माती होती, घोळ होती. दुसऱ्या दिवशी कोतवाल रांजणापर्यंत गेला. त्याच्या पुढच्या दिवशी रांजणाला वळसा घालून कुंपणाकडे.

आई तोवर तिथेच राहिली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका आल्या. लेकीने काळे लुगडे नेसून हलव्याचा मुकुट घातला होता, पण सगळ्यांची नजर माजघरातल्या चौरंगावर गेली. तिथे समोरून उघडा पडलेला महाल होता.

"अगो, हे काय?" एक जण म्हणाली. "रुखवत मोडलं? पहिल्याच वर्षी?"

लेकीने मान खाली घातली. तिची सासू पुढे आली.

"मोडलं नाही. त्याला दार नव्हतं, ते केलं," विहीणबाई म्हणाल्या. "आणि काय गं, तुमची ती खार रथात बसलेली? ती चालवते का कधी रथ?"

ती बाई हसली नाही. ती हळूच म्हणाली, "हल्ली फार शांत असते."

"मग घरी जा आधी," विहीणबाई म्हणाल्या. "तिळगूळ बांधून देते बरोबर. जा."

निघताना आई उंबऱ्यापाशी थांबली तेव्हा विहीणबाईंनी कुंकवाऐवजी तिच्या हातात तिळगूळ ठेवला आणि त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बोलावण्याची वाट बघत बसू नका. आमच्या दाराची कडी खरी आहे. वाजवा आणि या."

घरी आल्यावर बाईने पालखी उचलली. अभ्रकाचा एक पडदा लावायचा राहिला होता. पलीकडच्या पेठेतल्या लोकांना तिने सांगून पाठवले, की पालखी हवी तर घेऊन जा, तिच्यात भेंडाची मुनिया बसवून देते. खरी मुनिया झाडावर बरी दिसेल. ते आधी रागावले. पण रथातली खार आणि कुपीतला मासाही कोतवालासारखेच निपचित झाले होते, ही हकिगत एव्हाना गावोगाव पसरली होती, त्यामुळे शेवटी त्यांनी भेंडाची मुनिया नेली. रुखवतात ती सगळ्यांना आवडली. आणि त्यांनी पालखीसाठी पकडून ठेवलेली खरी मुनिया, पिंजऱ्याचे दार उघडल्यावर, आधी त्यांच्या परसातल्या शेवग्यावर बसली, मग कुठे गेली ते कोणी पाहिले नाही.

पुढे त्या राज्यात रुखवतात जिवंत जनावर ठेवायचे नाही, असा नवा रिवाज पडला. कोणी दवंडी पिटली नव्हती. लोकांनी आपल्या मनानेच तो धरला.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: ज्या घरात आतल्या जिवाला हिंडता-फिरता येत नाही, ते पाहणाऱ्याला कितीही सुंदर वाटले तरी ते त्याचे घर नव्हे, आणि तिथली शांतता हे सुख नव्हे.

कोतवाल पुष्कळ वर्षे जगला. त्याची पाठ पुन्हा टणक झाली, फक्त एका बाजूला थोडी खोलगट राहिली. बाई लेकीकडे जाई तेव्हा तो गस्त संपवून तिच्या पायाशी येई. महाल तसाच चौरंगावर होता. त्याचे मोडलेले खांब लेकीने फडक्यात बांधून ठेवले होते, आणि प्रत्येक खेपेला आई म्हणायची, पुढच्या वेळी सरस घेऊन येते.

ते खांब जोडायचे मात्र राहूनच गेले.